देवगिरी किल्ला नीट बघायचा असेल तर : तिकीट खिडकीपासून माथ्यावरच्या तोफेपर्यंत

वेरूळला निघालेली गाडी वाटेत देवगिरीला थांबते, ड्रायव्हर सांगतो "तासाभरात या", लोक उतरतात, चांदमिनारासमोर फोटो काढतात, थोडं आत जाऊन वर डोंगराकडे बघतात आणि "बापरे एवढं कोण चढणार" म्हणून परत फिरतात. मी पहिल्यांदा गेलो तो शाळेच्या सहलीत, आमचंही तेच झालं होतं, सरांनी शिट्टी वाजवली आणि खंदकाच्या अलीकडूनच सगळी वरात माघारी फिरली. त्यानंतर हा किल्ला मी बऱ्याचदा बघितलाय, घरच्यांना घेऊन, मित्रांबरोबर, एकदा एकटाच, आणि दरवेळी वाटतं की याला अर्धा दिवस दिलाच पाहिजे. मध्ययुगातला डोंगरी किल्ला नेमका कसा चालायचा, शत्रूला कसा अडवायचा, हे इतक्या धडधाकट अवस्थेत बघायला मिळणं फार दुर्मीळ आहे. आपल्या सह्याद्रीतल्या कित्येक गडांवर आता जोती आणि पडके बुरुज उरलेत, इथे मात्र तट, दरवाजे, खंदक, भुयारी वाट सगळं जागच्या जागी उभं आहे.

माझा एकच सल्ला धरून चला. किल्ला बघताना पाहुण्यासारखं नका जाऊ, हल्ला करायला आलेल्या सैनिकासारखं जा. प्रत्येक वळणावर स्वतःला विचारा की इथे मला कोण अडवणार, कुठून मारणार, मी पळणार कुठे. मग बघा किल्ला कसा बोलायला लागतो ते.

कधी जायचं, कसं जायचं

ऑक्टोबर ते फेब्रुवारी बेस्ट. पावसाळ्यात डोंगर हिरवागार असतो, खंदकात पाणी असतं, दिसायला तेव्हाच सगळ्यात सुंदर, पण दगडी पायऱ्या निसरड्या होतात आणि भुयारात ओल असते, तेव्हा ग्रिप असलेले बूट नसतील तर वरपर्यंत जायचा हट्ट करू नका. एप्रिल मे मध्ये मराठवाड्याचं ऊन काय असतं ते मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको, बाकीच्यांनी त्या महिन्यात जायचंच असेल तर गेट उघडल्या उघडल्या आत शिरायचं आणि दहाच्या सुमाराला माथ्यावरून खाली निघायचं.

किल्ला छत्रपती संभाजीनगरपासून साधारण १५ किलोमीटरवर, वेरूळच्या रस्त्यालाच आहे. पुण्या-मुंबईहून रेल्वेने किंवा बसने शहरात या, तिथून मध्यवर्ती बसस्थानकावरून खुलताबाद, वेरूळ, कन्नडकडे जाणारी एसटी धरा आणि कंडक्टरला "दौलताबाद किल्ला" सांगून ठेवा, देवगिरीचंच ते नंतरचं नाव. रिक्षा किंवा गाडी ठरवली तर येण्याजाण्याचं आणि थांबण्याचं मिळून आधीच बोलून घ्या, आणि थांबायचे तास स्पष्ट सांगा, किमान पाच. इथेच लोक फसतात, ड्रायव्हर तासाचा हिशोब धरून बसलेला असतो आणि मग वर असताना त्याचे फोनवर फोन.

प्लॅन करताना वार बघा. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात, अजिंठा सोमवारी. देवगिरी मात्र आठवडाभर चालू असतो, त्यामुळे मंगळवारी शहरात अडकलात तर तो दिवस डोळे झाकून देवगिरीला द्या. शनिवार रविवार आणि डिसेंबर-जानेवारीतला सहलींचा सीझन टाळता आला तर टाळा. भुयाराच्या तोंडाशी दोनशे पोरं एकदम किंचाळत असली की तिथलं गांभीर्य सगळं जातं, पोरांचा दोष नाही त्यात, अंधारात ओरडावंसं वाटतंच.

तिकीट पुरातत्त्व खात्याचं असतं, खिडकीवर मिळतं आणि क्यूआर कोड स्कॅन करूनही काढता येतं, पण रेंजच्या भरवशावर राहू नका, थोडी रोकड खिशात असू द्या.

बरोबर काय घ्यायचं

माणशी दीड-दोन लिटर पाणी. खंदक ओलांडल्यावर वर पाणी मिळेल असं धरून चालू नका. एक चांगली बॅटरी, म्हणजे टॉर्च, मोबाईलची नको, कारण भुयारात एक हात भिंतीला लागतो आणि दुसऱ्या हातात फोन धरून तो निसटला की गेला. डोक्याला लावायची बॅटरी असेल तर उत्तमच. पायात बूट, चप्पल सँडल नको. टोपी किंवा उपरणं. खायचं सामान पिशवीत लोंबकळत ठेवू नका, वानरं आहेत भरपूर, बिस्किटाच्या पुड्याचा आवाज त्यांना लांबून कळतो, सगळं सॅकमध्ये चेन लावून ठेवा आणि त्यांना काही देऊ पण नका. विडी-सिगारेट गाडीतच राहू द्या, हिवाळ्यानंतर डोंगरावरचं गवत वाळून काडेपेटीसारखं झालेलं असतं.

पहिला टप्पा : दरवाजे

किल्ल्याला एकामागे एक तटबंद्या आहेत. सगळ्यात बाहेरचा अंबरकोट, त्याच्या आत महाकोट, त्याच्या आत कालाकोट, आणि मग तो सुळक्यासारखा डोंगर म्हणजे बालेकिल्ला. अंबरकोटाच्या आत तर तुम्ही रस्त्यानेच आलेले असता, कळतही नाही. तिकीट काढून आत जाता तो महाकोटाचा दरवाजा.

इथे घाई करू नका, पहिली दहा मिनिटं इथेच घालवा. दरवाजाच्या लाकडी फळ्यांवर हे मोठाले लोखंडी अणकुचीदार खिळे आहेत. हत्तीने डोक्याने धडक देऊन दरवाजा फोडू नये म्हणून ते. पण खरी गंमत खिळ्यांच्या पुढे आहे, दरवाजातून आत गेलात की समोर सरळ वाट नाहीच, भिंत येते, काटकोनात वळावं लागतं, मग चौक, मग पुन्हा दरवाजा. हत्तीला धडक मारायला लांबून पळत यावं लागतं, इथे पळायला जागाच ठेवलेली नाही. आणि त्या चौकात तुम्ही उभे असता तेव्हा चारही बाजूंनी वरून तुमच्यावर नजर असते. मान वर करून बघा, तटावरच्या जंग्या, म्हणजे बंदुका रोखायची ती भोकं, सगळी तुमच्याकडेच तोंड करून आहेत.

बाजूच्या देवड्यांमध्ये, पहारेकऱ्यांच्या त्या खोल्यांमध्ये, आता जुन्या तोफा मांडून ठेवल्यात. लहान मुलं बरोबर असतील तर तिथे त्यांना वेळ द्या.

दुसरा टप्पा : खालचं शहर

आत गेल्यावर जे मोकळं दिसतं ते एकेकाळचं भरलेलं शहर आहे. यादवांचा राजा पाचवा भिल्लम याने ११८७ च्या सुमाराला देवगिरीला राजधानी केली. पुढे १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजी अचानक येऊन धडकला तेव्हा रामदेवराव गादीवर होता आणि मोठं सैन्य युवराज शंकरदेवाबरोबर बाहेर गेलेलं होतं. घाईघाईत गडावर धान्याची पोती म्हणून जी चढवली त्यात मीठ निघालं अशी गोष्ट आपल्याकडे पिढ्यानपिढ्या सांगतात. गोष्टीतली पोती बाजूला ठेवली तरी त्यातला मुद्दा खराच आहे, हा डोंगर लढून घेणं जवळपास अशक्य, तो पडायचा तो उपासमारीने, फितुरीने किंवा तहाने. वर चढताना हे तुम्हाला पायांनी पटेल.

नंतर १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकाने दिल्लीहून राजधानीच इकडे आणली आणि नाव दौलताबाद ठेवलं. मग बहमनी, निजामशाही, १६३३ मध्ये मुघल, पुढे निजाम, मधे काही काळ पेशव्यांकडेही होता. प्रत्येकाने काहीतरी बांधलं, त्यामुळे एकाच चालीत सगळे सापडतात.

डाव्या हाताला हत्ती हौद लागतो, नावाप्रमाणे प्रचंड. पाणी बाहेरच्या डोंगरांतून खापरी नळांनी आणलेलं. याच्या काठावर उभं राहून हिशोब करा की वेढा पडल्यावर इतक्या माणसांना आणि जनावरांना किती दिवस पाणी पुरवायचं असेल. पुढे भारतमाता मंदिर. ही मूळची मशीद, कुतुबुद्दीन मुबारक खिलजीच्या काळात १३१८ ला बांधलेली, खांब त्याहून जुन्या मंदिरांचे, आणि १९४८ ला हैदराबाद संस्थान विलीन झाल्यानंतर इथे भारतमातेची मूर्ती बसवली. एका वास्तूत सातशे वर्षं आहेत. खांबांजवळ जाऊन बघा, शंभराहून जास्त आहेत आणि सगळे एकसारखे नाहीत, नक्षी बदलत जाते, कुठला खांब कुठून आला असेल याचा अंदाज बांधत फिरायला मला तिथे फार आवडतं.

चांदमिनार तर लांबूनच दिसत असतो. १५ व्या शतकात बहमनी सुलतान अलाउद्दीन अहमदशहाने उभारलेला, साधारण २१० फूट. वर जाऊ देत नाहीत. फोटो येतानाच काढून घ्या, उतरताना पायांत त्राण नसतं आणि ऊनही डोक्यावर असतं.

तिसरा टप्पा : कालाकोट, चिनी महाल, मेंढा तोफ

इथून पायऱ्या सुरू होतात, अजून सोप्या आहेत. चिनी महालाच्या भिंतीवर निळ्या-पांढऱ्या चिनी मातीच्या फरशांचे तुकडे अजून टिकून आहेत, नाव त्यावरूनच. औरंगजेबाने १६८७ मध्ये गोवळकोंडा घेतल्यावर तिथला शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशहा याला आणून इथे कैदेत ठेवलं, आणि तो इथेच मेला. बाहेरून बघितलं तर कैदखाना वाटत नाही, पण खिडकीसमोर थोडा वेळ उभं राहिलं की कळतं, समोर नुसता तट.

जवळच निजामशाही महालांचे अवशेष आहेत. मराठी माणसाने इथे दोन मिनिटं थांबावंच. १६२९ मध्ये याच देवगिरीवर निजामशहाच्या दरबारात लखुजी जाधवरावांची मुलांसकट हत्या झाली. लखुजीराव म्हणजे जिजाऊंचे वडील, सिंदखेडचे जाधव, जे आपलं कूळ देवगिरीच्या यादवांपर्यंत नेत. म्हणजे ज्या घराण्याची ही राजधानी त्याच घराण्याच्या माणसांचं रक्त इथे सांडलं. शिवराय त्यानंतर वर्षभरात जन्मले. गाईड बऱ्याचदा हे सांगत नाहीत, तुम्ही मुलांना सांगा.

मग मेंढा तोफ. गोल बुरुजावर एकटीच ठेवलेली आहे, मागच्या टोकाला मेंढ्याचं डोकं, शिंगांचे वळसे इतके सुबक की ओतकाम करणाऱ्याला दाद द्यावीशी वाटते. तिचं दुसरं नाव किल्लाशिकन, म्हणजे किल्ले फोडणारी. अंगावर फारसी अक्षरं कोरलेली आहेत, त्यात औरंगजेबाचं नाव आहे. तोफ मधल्या खुंट्यावर फिरवता यायची, म्हणून बुरुजही गोल.

ज्यांचे गुडघे दुखतात, ज्यांना दम लागतो, त्यांनी इथपर्यंत आरामात यावं आणि इथे थांबावं. माझे वडील इथेच बसतात, सावली बघून, आणि त्यांना किल्ला अर्धवट बघितल्यासारखं अजिबात वाटत नाही, कारण समोर जे दिसतं तेच या किल्ल्याचं सगळ्यात जबरदस्त काम आहे.

ते म्हणजे तासलेला कडा. डोंगराचा खालचा भाग चारी बाजूंनी छिन्नी-हातोड्याने उभा तासून काढलाय, दीडशे-दोनशे फूट सरळ भिंत, काळाकुळकुळीत बसाल्ट, घोरपड तरी कुठे चिकटणार अशी. आणि त्याच्या तळाशी दगडातच खोदलेला खंदक. माणसांनी हे हाताने केलंय, सुरुंग नाही मशीन नाही. खंदकाच्या कठड्यापाशी उभं राहून समोरच्या दगडाकडे नीट बघा, नुसतं "वॉव" करून पुढे जाऊ नका.

चौथा टप्पा : पूल आणि अंधारी

बालेकिल्ल्यात जायला एकच वाट, खंदकावरून. जुना दगडी पूल बघा, त्याची रचना फार हुशारीची आहे. दोन्ही टोकं उंच आणि मधला भाग खाली, म्हणजे पायऱ्या उतरायच्या, चालायचं, पुन्हा चढायच्या. खंदकातलं पाणी वाढवलं की मधला भाग बुडून जायचा आणि वाट बंद. पूल पाडायचीही गरज नाही, उचलायचीही नाही.

पूल ओलांडला की थोड्याच वेळात अंधारी. डोंगराच्या पोटातून कोरलेली वर चढत जाणारी भुयारी वाट. आत शिरायच्या आधी दोन मिनिटं थांबा, पाणी प्या, बॅटरी हातात घ्या, लहान मुलं मधे आणि मोठी माणसं पुढे-मागे अशी रांग करा. पायऱ्या एकसारख्या नाहीत, एक वीतभर तर पुढची गुडघ्याएवढी, आणि हे बहुतेक मुद्दामच, पळणाऱ्याचा पाय अडखळावा म्हणून. उजव्या-डाव्या भिंतीला हात लावत जा, दगड गार लागतो, कुठे कुठे ओला. वटवाघळं आहेत, त्यांच्या विष्ठेचा उग्र वास येतो, ज्यांना दमा आहे त्यांनी मास्क लावावा किंवा हा भाग टाळावा. टाळायचा असेल तर बाहेरून पायऱ्यांची वेगळी वाट केलेली आहे, कुठली वाट त्या दिवशी चालू आहे ते पुलाजवळच्या पहारेकऱ्याला विचारून घ्या.

आत एका जागी सगळ्यांनी बॅटऱ्या बंद करा, मिनिटभर. डोळे उघडे की मिटलेले हेच कळत नाही. आता कल्पना करा की तुम्ही परके आहात, पुढचा माणूस थांबलाय, मागचे ढकलताहेत, वाट नागमोडी, फाटे फुटताहेत, आणि एका बाजूला उजेडाची तिरीप दिसते. माणूस साहजिकच उजेडाकडे धावणार. तिथे खाली खंदक. वरच्या तोंडाशी लोखंडी झाकण असायचं, त्यावर निखारे पेटवले की भुयारात धूर आणि धग कोंडायची. यातून जो वाचून वर येईल त्याच्यासाठी वर माणसं तयारच. या किल्ल्याच्या तुरुंगाबद्दल १४ व्या शतकात मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता लिहून गेलाय की इथले उंदीर मांजरांपेक्षा मोठे आहेत आणि मांजरंच त्यांना बघून पळतात. आता तसले उंदीर नाहीत, काळजी करू नका, पण अंधारात ते आठवतंच.

गाईड घ्यायचा का असं बरेच जण विचारतात. खालच्या भागाला नाही घेतला तरी चालेल, अंधारीसाठी मात्र जरूर घ्या. फाटे कुठले, फसवी वाट कुठली हे दाखवणारा माणूस बरोबर असला की याच भुयारातून दहा मिनिटांऐवजी अर्धा तास जातो आणि तो अर्धा तास पैसे वसूल. दर आधी ठरवा, आणि बारादरीपर्यंत, म्हणजे माथ्याच्या थोड्या अलीकडच्या महालापर्यंत, येणार का माथ्यापर्यंत हेही.

पाचवा टप्पा : माथा

अंधारीतून बाहेर आलात की उजेडाने डोळे दिपतात, थोडं बसा. पुढे गणपतीचं छोटं देऊळ लागतं आणि मग खरा चढ, रुंद पायऱ्या, सावली कमी. पायथ्यापासून माथ्यापर्यंत साधारण साडेसातशे पायऱ्या धरा आणि दर पन्नास-साठला थांबा, वर जाऊन कुणाला मस्टर भरायचं नाहीये.

बारादरी आली की नव्वद टक्के काम झालं. शहाजहानच्या काळात १६३६ च्या आसपास बांधलेला हा महाल, कमानींमधून जो वारा येतो त्याने सगळा घाम सुकतो. बरेच जण इथूनच परततात. तुम्ही परतू नका, अजून थोडंच वर जनार्दन स्वामींची गुहा आहे, पाण्याचं टाकं आहे. जनार्दन स्वामी म्हणजे संत एकनाथांचे गुरू, आणि ते या किल्ल्याचे किल्लेदार होते. पैठणचा कोवळा एकनाथ गुरूच्या शोधात चालत इथे आला आणि इथेच राहून शिकला. खाली एवढी मारामारीची तयारी बघून वर आल्यावर पादुकांपुढे कुणीतरी लावलेली उदबत्ती दिसते, मला दरवेळी तिथे बोलावंसं वाटत नाही.

सगळ्यात वरच्या बुरुजावर दुर्गा तोफ. एवढं धूड इतक्या उंचावर कसं चढवलं असेल हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. इथून अंबरकोटाची तटबंदी दूरवर कशी पळत गेलीय ते दिसतं, चांदमिनार खाली खेळण्याएवढा दिसतो, आणि तुम्ही ज्या वाटेने आलात ती सगळी वाट वरच्या माणसाला कशी दिसत होती ते कळतं. अर्धा तास बसा इथे. कठड्यावर चढून सेल्फी काढू नका, कठडे जुने आहेत आणि खाली कडा तासलेला आहे हे विसरू नका.

उतरताना आणि नंतर

उतरताना गुडघ्यांवर जास्त ताण येतो, तिरकं पाऊल टाकत या. अंधारीतून उतरणं चढण्यापेक्षा अवघड आहे, बाहेरची वाट चालू असेल तर उतरताना ती धरा. वेळेचा हिशोब असा, खालच्या शहराला सव्वा तास, मेंढा तोफ आणि खंदकाला अर्धा तास, तिथून माथा दीड तास, वर अर्धा तास, उतरायला पाऊण तास. म्हणजे सकाळी लवकर शिरलात तर जेवायच्या वेळेला बाहेर.

बाहेर पेरू आणि सीझनला सीताफळं घेऊन बायका बसलेल्या असतात, दौलताबादचं सीताफळ नावाजलेलं आहे, तिथेच फोडून खा. मांसाहार चालत असेल तर संध्याकाळी शहरात जाऊन नान खलिया खा, तुघलकाच्या सैन्याबरोबर हा पदार्थ इकडे आला असं सांगतात. दुपारी अंगात जोर असेल तर खुलताबादच्या रस्त्याला थोडं पुढे कागजीपुरा आहे, तिथे अजूनही हातकागद बनवतात, लगदा चाळणीवर धरून पाण्यातून उचलतात ते समोर उभं राहून बघता येतं, मुलांना फार आवडतं. वेरूळ मात्र त्याच दिवशी उरकू नका. कैलास लेण्याला ताजे पाय लागतात.